डॉ. रंगनाथन आणि वाचकाचे तिकीट

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना जिल्ह्याच्या अगदी कडेला कनेरगाव नाका लागतो. तेथून थोडे पुढे गेले की वाशीम जिल्हा सुरू होतो. आज अकोला-नांदेड महामार्गावरून मालमोटारी आणि एस. टी. गाड्या दिवसरात्र धावतात आणि हद्द कोठे ओलांडली हे प्रवाशाच्या लक्षातही येत नाही. १९४८ पूर्वी मात्र ही नुसती जिल्ह्याची हद्द नव्हती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि पलीकडे इंग्रजांच्या कारभारातील वऱ्हाड. संस्थानच्या हद्दीवर करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी असत. आमच्या गावाच्या नावात राहिलेला नाका त्याच काळातला, असे जुनी माणसे सांगतात. नाका आला की चौकशी आली : गाठोड्यात काय आहे, सोडून दाखवा.

त्या गाठोड्यात पुस्तक किंवा वर्तमानपत्र असेल तर चौकशी अधिकच. बाहेरच्या कित्येक वृत्तपत्रांना संस्थानात बंदी होती. सभा भरवायची तर गश्ती निशाण ५३ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या आदेशाप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागे. अशा राज्यात माणूस काय वाचतो हा प्रश्न साधा राहत नाही. मराठवाड्यातील वाचनालये त्या काळी लोकजागृतीची ठिकाणे बनली, ती उगीच नव्हे.

हे सारे मी लहानपणापासून ऐकत आलो. तो काळ गेला याचे समाधानही वाटे. परंतु गाठोडे सोडायला लावणारा एक नाका मी स्वतःच एकदा वाचनालयाच्या टेबलावर उघडला होता, हे मला पुष्कळ उशिरा समजले. ते समजले एका माणसाच्या चरित्रामुळे. तो माणूस म्हणजे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. त्यांचे चरित्र सांगण्यापूर्वी माझी ती गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून मी हे चरित्र का लिहीत आहे ते कळणार नाही.

बारावीनंतरच्या सुटीत मी आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात संध्याकाळचे दोन तास बसत असे. पुस्तके देणे, परत घेणे आणि नोंदवहीत लिहिणे एवढेच काम. वहीत रकाने आखलेले होते : दिनांक, सभासदाचे नाव, पुस्तकाचे नाव, सही, परत केल्याचा दिनांक. वही टेबलावर उघडीच असे. एके दिवशी गावातले एक वडीलधारे गृहस्थ आले. त्यांच्या भावकीतील एक मुलगी वाचनालयाची सभासद होती. पोरगी अलीकडे काय वाचते, असे त्यांनी सहज विचारले आणि मीही तितक्याच सहजपणे वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी बोट ठेवून तिच्या नावापुढच्या नोंदी वाचल्या. शेवटची नोंद विवाहविषयक कायद्यांच्या एका पुस्तकाची होती. ते काही बोलले नाहीत. वही मिटून निघून गेले.

दोन दिवसांनी तिच्या धाकट्या भावाने ते पुस्तक आणून दिले आणि ताई आता येणार नाही असे सांगितले. मागाहून कळले की ती स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होती आणि त्या पुस्तकातली कलमे टिपून घेत होती. घरच्यांनी त्याचा भलताच अर्थ लावला. समजा, तिने ते पुस्तक परीक्षेसाठी नव्हे, खरोखर स्वतःसाठीच नेले असते, तरी मला ती वही दाखविण्याचा काय अधिकार होता? हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आलाच नाही. वडीलधाऱ्या माणसाने विचारले, मी दाखविले. यात काही वावगे आहे असे मला वाटलेच नव्हते.

पुढे महाविद्यालयात आलो. १२ ऑगस्ट हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात आणि त्या दिवशी डॉ. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घालतात. दोन वर्षे मी त्या कार्यक्रमाला हजर होतो, परंतु हा माणूस कोण याची चौकशी केली नव्हती. तिसऱ्या वर्षी भाषण करण्याची पाळी माझ्यावर आली आणि नाइलाजाने वाचायला बसलो. नाइलाजाने सुरू केलेले ते वाचन अजून संपलेले नाही.

रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये तामिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, शियाळी या गावी झाला. आज त्या गावाला सीर्काळी म्हणतात. तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजांची गादी आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. ग्रंथांची परंपरा असलेल्या मुलखातच हा मुलगा जन्मला. वडील रामामृत अय्यर आप्तेष्टांना जमवून रामायणाचे निरूपण करीत. मुलगा सहा वर्षांचा असतानाच ते वारले आणि तो आजोळच्या माणसांच्या छायेत वाढला. प्रकृती नाजूक, त्यात बोलताना अडखळण्याची खोड. मनात शब्द तयार असावा आणि तो ओठांवर येऊ नये, याचे दुःख ज्याला भोगावे लागले त्यालाच कळते. गणितात मात्र तो अडखळत नसे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधून १९१६ मध्ये त्यांनी गणिताची एम. ए. पदवी घेतली. प्रा. एडवर्ड रॉस हे त्यांचे आवडते गुरू. पुढे मंगळूर, कोईमतूर आणि मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे त्यांनी गणित शिकविले. वाचेतला दोष त्यांनी हळूहळू जिंकला आणि विद्यार्थ्यांना आवडणारे शिक्षक म्हणून नाव मिळविले.

१९२३ मध्ये मद्रास विद्यापीठाने आपल्या ग्रंथालयासाठी पहिला ग्रंथपाल नेमण्याचे ठरविले. रंगनाथन यांना या कामाचे शिक्षण नव्हते आणि ओढही नव्हती. मित्रांच्या आग्रहाने अर्ज केला आणि निवड झाली. जानेवारी १९२४ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली आणि थोड्याच दिवसांत ते कंटाळून गेले. मोठी इमारत, कपाटांत बंद पुस्तके, क्वचित येणारा वाचक आणि दिवसभराची शांतता. वर्गात बोलण्याची सवय लागलेल्या माणसाला ती शांतता खायला उठली. पुन्हा गणित शिकवायला पाठवा, अशी विनंती घेऊन ते वरिष्ठांकडे गेले. शेवटी असे ठरले की आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयांचा अभ्यास करावा. परतल्यावरही मन रमले नाही तर खुशाल महाविद्यालयात जावे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ग्रंथालयशास्त्र शिकविणारे बेर्विक सेयर्स हे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. त्यांनी या गणितज्ञाला वर्गात बसवून ठेवण्याऐवजी ग्रंथालये हिंडायला सांगितले. रंगनाथन अनेक ग्रंथालये पाहत गेले. तेथे त्यांना एक नवे दृश्य दिसले. कामगार, गृहिणी, शाळकरी मुले, म्हातारीकोतारी माणसे ग्रंथालयात येत होती आणि स्वतःच्या हाताने पुस्तक निवडून घरी नेत होती. ग्रंथालय हे विद्वानांचे कोठार नसून गावाचे पाणवठ्यासारखे ठिकाण असू शकते, ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. याच मुक्कामात एका मोठ्या दुकानात मेकॅनो नावाचे खेळणे पाहून त्यांना वर्गीकरणाची नवी युक्ती सुचली. लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू निरनिराळ्या तऱ्हेने जोडून हवी ती वस्तू बनविता येते, तसेच विषयाचे घटक जोडून पुस्तकाचा क्रमांक का बनवू नये? त्यातून पुढे १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. आज जगभरच्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात ती शिकवितात.

१९२५ मध्ये ते मद्रासला परतले तेव्हा गणिताकडे जाण्याचा विचार मावळला होता. पुढची वीस वर्षे त्यांनी त्या ग्रंथालयात जवळजवळ रजा न घेता काम केले. कपाटांची कुलुपे निघाली आणि मुक्तद्वार पद्धती आली. पुस्तके विषयवार मांडली गेली, ग्रंथालयाच्या वेळा वाढविल्या, वाचकाला मदत करण्यासाठी माणसे नेमली. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना झाली. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. त्या दुःखातही काम थांबले नाही. १९२९ मध्ये शारदा यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

मुक्तद्वार पद्धतीचा जो फायदा पाठ्यपुस्तकांत दिलेला असतो तो असा की वाचकाला पुस्तके चाळून पाहता येतात. मला मात्र वाचताना त्यांचे ते अडखळणारे बालपण आठवत राहिले. बंद कपाटांच्या ग्रंथालयात वाचकाला टेबलाशी जाऊन पुस्तकाचे नाव सांगावे लागते, तेही मागे उभ्या असलेल्या चारजणांच्या देखत. क्षयावरचे पुस्तक हवे असेल, कुष्ठरोगावरचे हवे असेल, नवराबायकोच्या प्रश्नांवरचे हवे असेल, तर कित्येकांची जीभ अडखळेल आणि ते भलतेच पुस्तक मागून घरी जातील. फळीवरून स्वतः पुस्तक घेता आले की निदान मागण्याचा संकोच तरी संपतो. रंगनाथन यांनी हा विचार केला होता असा माझा दावा नाही. परंतु त्यांनी उघडलेल्या दारातून असा संकोची वाचकही आत आला असणार, हे उघड आहे.

१९३१ मध्ये त्यांचे ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धान्तांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. हे सिद्धान्त इतके साधे आहेत की प्रथम वाचताना त्यात नवे काय असे वाटते. पुस्तके असतात ती वापरण्यासाठी, जपून ठेवण्यासाठी नव्हेत. कोणत्याही वाचकाला त्याच्या गरजेचे पुस्तक मिळाले पाहिजे. कोणत्याही पुस्तकाला त्याची कदर करणारा वाचक भेटला पाहिजे. वाचकाचा वेळ फुकट जाता कामा नये. आणि ग्रंथालय सतत वाढत असते, हे ध्यानात ठेवूनच त्याची आखणी केली पाहिजे. साऱ्या ग्रंथालयशास्त्राची इमारत या पाच खांबांवर त्यांनी उभी केली.

चौथ्या सिद्धान्ताच्या, म्हणजे वाचकाच्या वेळेच्या, विचारातच देवघेवीची पद्धत येते, आणि माझ्या गोष्टीचा धागा येथे त्यांच्या चरित्राला येऊन मिळतो. नोंदवहीत नाव लिहा, पुस्तकाचे नाव लिहा, सही घ्या. परत आले की मागची पाने उलटून ती नोंद शोधा, यात वाचकाचा केवढा वेळ जातो! त्याऐवजी तिकिटाची पद्धत रंगनाथन यांनी पुरस्कारली. अशा पद्धतीचा उगम अमेरिकेत झाला. नीना ब्राउन या ग्रंथपाल बाईंनी १८९५ मध्ये ती मांडली म्हणून तिला ब्राउन पद्धती म्हणतात. भारतातील असंख्य ग्रंथालयांतून ती पुढे रूढ झाली. आपल्यापैकी पुष्कळांच्या वडिलांनी महाविद्यालयात असताना ती पुठ्ठ्याची तिकिटे खिशात बाळगली असतील.

ही पद्धत अशी चालते. प्रत्येक सभासदाला जितकी पुस्तके नेता येतात तितकी तिकिटे मिळतात. तिकीट म्हणजे त्याचे नाव घातलेला एक छोटा खिसा. प्रत्येक पुस्तकातही एक पुस्तकपत्र असते. त्यावर पुस्तकाचा क्रमांक आणि नाव. वाचकाने पुस्तक निवडले की पुस्तकपत्र काढून तिकिटाच्या खिशात घालतात आणि ती जोडी परतीच्या तारखेच्या मागे, लाकडी ट्रेमध्ये क्रमाने ठेवतात. पुस्तकाला चिकटविलेल्या कागदावर फक्त तारखेचा शिक्का बसतो. पुस्तक परत आले की जोडी सोडवायची. पुस्तकपत्र पुस्तकात जाते, तिकीट वाचकाच्या हातात येते. काम संपले.

आता पाहा, काय उरले? काहीही नाही. पुस्तक बाहेर आहे तोवर ते कोणाकडे आहे हे ग्रंथपालाला नेमके ठाऊक असते. पुस्तक परत आले त्या क्षणी ही माहिती नाहीशी होते. ती कोणी पुसत नाही की फाडत नाही. मुळात ती लिहिलेलीच नसते. दुसऱ्या दिवशी कोणी वडीलधारा आला, शिपाई आला, फौजदार आला, तरी दाखविण्यासारखे ग्रंथपालाजवळ काही नसते. कोणाला तोंडावर नाही म्हणण्याचा प्रसंग त्याच्यावर येतच नाही. याउलट नेवार्क नावाची दुसरी एक पद्धत आहे. तीत पुस्तकपत्रावरच नेणाऱ्याचा क्रमांक आणि तारीख लिहितात. पुस्तक परत आल्यावरही ते पत्र तसेच राहते, आणि ते पुस्तक आजवर कोणी कोणी नेले याची जंत्रीच त्यावर तयार होते. मी ज्या वहीत लिहीत होतो ती या दृष्टीने सर्वांत वाईट. तिच्यात पुस्तकाचाही इतिहास होता आणि माणसाचाही, आणि ती टेबलावर उघडी पडलेली होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रंगनाथन यांनी तिकिटाचा पुरस्कार केला तो वाचकाचा वेळ वाचावा म्हणून. वाचकाच्या वाचनाची गुप्तता हा त्यातून आपोआप पदरात पडलेला लाभ होता. परंतु चांगल्या विचाराचे असेच असते. वाचकाच्या सोयीचा विचार मनापासून केला की त्याचा मानही आपोआप राखला जातो. आणि त्यांच्या दुसऱ्या सिद्धान्ताचा अर्थ नीट लावला तर गुप्तता त्यात गृहीतच आहे. वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे असे आपण म्हणतो; पण ते नेल्याची बातमी घरी, भावकीत किंवा चावडीवर पोहोचेल अशी भीती असेल, तर फळीवर असूनही ते पुस्तक त्याला मिळाले असे म्हणता येणार नाही. तिसऱ्या सिद्धान्ताचेही तेच. विवाहविषयक कायद्यांच्या त्या पुस्तकाला आमच्या वाचनालयात एक वाचक मिळाला होता. तो मी घालविला.

रंगनाथन यांची दृष्टी शहरातच अडकून राहिली नाही. १९३१ मध्ये मन्नारगुडी येथे बैलगाडीतून खेड्यापाड्यांत पुस्तके नेणारे फिरते ग्रंथालय सुरू झाले, त्यामागे त्यांच्याच विचारांची प्रेरणा होती. ग्रंथालय लोकांच्या देणगीवर आणि सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, त्याला कायद्याचा आधार असावा, हा त्यांचा ध्यास. १९३० मध्ये काशी येथे भरलेल्या आशियाई शिक्षण परिषदेत त्यांनी आदर्श ग्रंथालय कायद्याचा मसुदा मांडला. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे आपल्या देशातील पहिला ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला. स्वतंत्र भारतातील पहिला कायदा १९४८ मध्ये मद्रास प्रांतात झाला, तो रंगनाथन यांच्या प्रयत्नांनी. त्यानंतरचा कायदा १९५५ चा, हैदराबाद राज्याचा. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यातच असल्यामुळे, ज्या मुलखात सभेलाही परवानगी लागत असे त्याच मुलखासाठी मुक्तीनंतर सात वर्षांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे.

मद्रासहून रंगनाथन १९४५ मध्ये बाहेर पडले. त्याच वर्षी डॉ. राधाकृष्णन यांच्या बोलावण्यावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. १९४७ ते १९५४ ते दिल्ली विद्यापीठात होते. त्यानंतर काही वर्षे झुरिच येथे राहून लेखन केले. १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. आपल्यासारख्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाशी त्यांचा असाही संबंध पोहोचतो. १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले. १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला देऊन त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन सुरू करविले आणि त्याला पत्नी शारदा यांचे नाव दिले. राहणी अखेरपर्यंत साधी. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात ग्रंथालये बदलली. लाकडी ट्रे जाऊन संगणक आले. पुस्तक आता क्षणात दिले जाते आणि क्षणात परत घेतले जाते, म्हणजे चौथा सिद्धान्त कधी नव्हे इतका पाळला जातो. परंतु तिकिटाबरोबर जे हरवले त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. संगणक स्वतःहून विसरत नाही. त्याला मुद्दाम सांगितले नाही, तर कोणत्या सभासदाने कोणत्या वर्षी कोणते पुस्तक नेले हे तो जपून ठेवू शकतो, आणि दोन बोटांच्या हालचालीने सारी यादी समोर येते. माझ्या वहीत निदान पाने तरी उलटावी लागत. कोहा नावाची एक संगणकप्रणाली ग्रंथालयांत वापरतात. तीत पुस्तक परत आल्यावर वाचकाचे नाव त्या नोंदीपासून तोडून टाकण्याची सोय आहे. ब्राउनबाईंच्या तिकिटाचाच तो नवा अवतार. मात्र ती सोय कोणीतरी आठवणीने वापरावी लागते.

इतर देशांत या प्रश्नाची जाणीव जुनी आहे. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९३८ च्या नीतिसंहितेतच वाचकाविषयीची खासगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले. २००५ मध्ये कनेक्टिकट राज्यातील चार ग्रंथपालांकडे तेथील केंद्रीय तपास यंत्रणेने ग्रंथालयाच्या वापराची माहिती मागितली आणि या मागणीची वाच्यताही करू नये असे बंधन घातले. ते चौघे न्यायालयात गेले. पुढच्या वर्षी सरकारने माघार घेतली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. परंतु खेड्यातल्या वाचनालयाच्या टेबलापर्यंत निकाल आणि कायदे चालत येत नाहीत. तेथे संध्याकाळी दोन तास बसणारा माझ्यासारखा मुलगा काय करतो यावरच सारे अवलंबून असते.

काही जण विचारतील, नोंदच ठेवली नाही तर पुस्तके गहाळ होतील त्याचे काय? प्रश्न योग्य आहे. परंतु तिकीट पद्धतीतही पुस्तक बाहेर असेपर्यंत नोंद असतेच. मुदत उलटली की ट्रे पाहून कोणाला पत्र धाडायचे ते कळते. पुस्तक परत आल्यावर त्या नोंदीचा उपयोग फक्त चौकशी करणाऱ्याला. कोणी म्हणेल, वार्षिक अहवालासाठी आकडे लागतात. आकडे जरूर ठेवावेत. रंगनाथन स्वतः गणिताचे. आकड्यांवर त्यांचे प्रेम होते. दिवसअखेर ट्रेमधली पुस्तकपत्रे विषयवार मोजली की इतिहासाची किती, कादंबऱ्या किती, कायद्याची किती हे कळते. आकड्याला माणसाचे नाव चिकटलेले असण्याची गरज नाही. आणि उद्या खरोखर न्यायालयाचा आदेश आला तर जे असेल ते दाखवावे लागेल. म्हणूनच जे लागत नाही ते मुळात साठवूच नये, हा शहाणपणाचा मार्ग.

मला स्वतःला सर्वांत अवघड वाटतो तो आणखी वेगळा प्रश्न. आपल्याकडे विचारणारा क्वचितच शत्रू असतो. तो काका असतो, गुरुजी असतात, शेजारी असतो. तो काळजीपोटी विचारतो, निदान तसे म्हणतो. त्याला नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. निजामाच्या नाक्यावरच्या शिपायाचा राग तरी करता येई. येथे रागही करता येत नाही. अशा वेळी ज्याला जीभ आवरणे जमत नाही, त्याच्या मदतीला तिकीट येते. दाखवायला काही नसले की वडीलधाऱ्यांचा मान राहतो आणि वाचकाचाही.

म्हणून माझ्या सहाध्यायांना आणि गुरुजनांना एवढेच सुचवावेसे वाटते. आपल्या ग्रंथालयातील संगणक परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी नावासकट किती वर्षे ठेवतो, याची एकदा चौकशी करावी. सुटीत गावी जाणाऱ्यांनी आपल्या गावच्या वाचनालयातील वही टेबलावर उघडी असेल तर निदान ती खणात ठेवायला सांगावे, आणि जमल्यास पुठ्ठ्याची तिकिटे करून द्यावीत. शंभर सभासदांच्या वाचनालयाला एक लाकडी ट्रे आणि थोडा पुठ्ठा पुरतो. १२ ऑगस्टला प्रतिमेला हार घालण्यापेक्षा डॉ. रंगनाथन यांना हे अधिक आवडले असते, असे मला वाटते.

मागच्या दिवाळीत मी त्या वाचनालयात गेलो होतो. विवाहविषयक कायद्यांचे ते पुस्तक अजून फळीवर आहे. उघडून पाहिले. आतल्या कागदावर शेवटचा शिक्का तिने नेले त्या वेळचाच होता. त्यानंतर ते कोणी नेलेले नाही. मी ते माझ्या नावावर घेतले. टेबलाशी बसलेल्या मुलाने वही उघडली, तेव्हा त्याच्याजवळ बसून ही तिकिटाची पद्धत त्याला समजावून सांगितली. त्याने सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि मग वहीत माझे नाव लिहिले, कारण तिकिटे अजून तयार व्हायची आहेत.